पोळ्याच्या दिवशीची जनसुनावणी

सरकारला माझ्या काकांचं मत हवं होतं. तसं सरकारनेच जाहीर केलं होतं, संकेतस्थळावर, इंग्रजीत, आणि मुदत संपत आली असताना. इंटरनेटवरच्या गुन्ह्यांचा जो कायदा आहे, ज्याच्या एका कलमावरून देशभर बोंबाबोंब झाली होती, तो आता सुधारायचा होता आणि त्यासाठी जनतेच्या हरकती व सूचना मागवल्या होत्या. जनता म्हणजे आम्हीच. मेहकरला माझं आणि नवऱ्याचं झेरॉक्सचं दुकान आहे, लोकांचे ऑनलाइन अर्जही आम्ही भरून देतो, म्हणून ती जाहिरात माझ्या नजरेला तरी पडली. नाहीतर कुणाला तरी आपलं मत हवंय ही बातमी आमच्या गावापर्यंत पोचलीच नसती.

आमचं गाव साखरखेर्ड्याच्या रस्त्याला. काका म्हणजे वडिलांचे धाकटे भाऊ. वडील लवकर गेले, तेव्हापासून शेत त्यांनी पाहिलं आणि मलाही त्यांनीच वाढवलं. शेतात कापूस आणि थोडी तूर. पण पंचक्रोशीत त्यांचं नाव झालं ते कापसामुळे नाही, झडत्यांमुळे. पोळ्याच्या दिवशी गावाचे सगळे बैल सजवून आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली उभे करतात, आणि तोरण तोडायच्या आधी एकेक जण पुढे येऊन झडती म्हणतो. झडती म्हणजे चार-सहा ओळींत जुळवलेला टोमणा. सरपंच, तलाठी, सोसायटीचा अध्यक्ष, स्वतःचा साळा, कुणालाच सोडायचं नाही. ज्याच्यावर झडती पडली त्याने रागवायचं नाही, हा रिवाज. एका साली काकांनी सरपंचाला वगळलं, तर तो दुसऱ्या दिवशी ओसरीवर येऊन बसला. म्हणाला, "काऊन बे, यंदा माह्यावर काहीच नाई म्हनलं? मी काय मेलो का?"

म्हणजे जनसुनावणी आमच्याकडे दरवर्षी होतच होती. फक्त तिला बॅनर नव्हता.

आता गुन्ह्याचं सांगते. बीटी कापूस आला तेव्हा बियाण्याच्या दुकानदाराने छातीवर हात ठेवून सांगितलं होतं की आता बोंडअळी मेली समजा, फवारणी विसरा. अळीला मात्र हे कुणी कळवलं नव्हतं. पहिली काही सालं ती दबून राहिली आणि मग अशी आली की दिवाळीनंतर बोंड फोडावं तर आत गुलाबी अळी आरामात पडलेली. गावात कुणाच्याच घरी त्या साली धड कापूस आला नाही. लोक पाकिटं घेऊन दुकानात गेले. दुकानदार म्हणाला, हवामान. कृषी खात्याचा माणूस आला, तोही म्हणाला, हवामान. मग पुढच्या पोळ्याला काका तोरणाखाली उभे राहिले आणि म्हणाले:

"पाकिटावर कापूस ढगावानी फुगला,
वावरात पाह्यला त बोंडातच कुजला.
बैल सारे धुतले, पाठीवर टाकली झूल,
गादीवर बसल्या बैलाले कोन वाहीन फूल?"

गाव हसून हसून लोळलं. त्या गर्दीत शेजाऱ्यांचा पुण्याचा जावई होता. आमची बोली ऐकून त्याला नेहमीच फार गोड वाटतं. आम्ही पाणी मागितलं तरी त्याला गोड वाटतं. त्याने मोबाईलवर ते चित्रण केलं, खाली हसरे चेहरे टाकले आणि आपल्या ग्रुपवर सोडून दिलं. तिथून ते कुठे कुठे गेलं ते त्या महादेवालाच ठाऊक, पण आठवड्याभरात ते बियाण्याच्या दुकानदाराच्या मोबाईलवर येऊन पोचलं.

झडतीत नाव नव्हतं, गाव नव्हतं. तालुक्यात बियाण्यांची दुकानं काय कमी आहेत? पण खाई त्याला खवखवे. याच एका सद्गृहस्थाने पोलीस ठाण्यात जाऊन लिहून दिलं की तो गादीवरचा बैल म्हणजे मीच. माणसाने स्वतःविषयी इतकं स्पष्ट लिहून दिलेलं मी आजवर पाहिलेलं नाही. पोलिसांनाही शंका वाटली नाही. इंटरनेटवर बदनामीकारक मजकूर, म्हणून ते गाजलेलं कलम लावलं आणि काकांना उचललं.

काकांकडे बटणांचा फोन होता. त्यात इंटरनेट नव्हतं, टॉर्च होता. इंटरनेटवरच्या गुन्ह्याचं साधन म्हणून पोलिसांनी तो टॉर्च जप्त केला. जावयाला कुणी काही विचारलं नाही. तो पुण्यात सुखरूप होता, आणि मोबाईल हरवल्याचं सांगत होता.

जामीन राहिले ते गावातले चाचा. चाचांचं शिवणाचं दुकान आहे. एरवी ते शाळेचे गणवेश शिवतात, पण पोळ्याच्या आधी महिनाभर नुसत्या बैलांच्या झुली. त्यांचं आणि काकांचं मैत्र लहानपणापासूनचं. कोर्टात सही करताना म्हणाले, "आजवर तुह्या बैलाले झूल शिवली, आज तुलेच घातली. घाबरू नको बे." काका हसले नाहीत. ते जामिनाच्या अटी ऐकत होते. आक्षेपार्ह असं काहीही इंटरनेटवर टाकायचं नाही, ही एक अट. आणि दुसऱ्या कुणाकडूनही टाकलं जाऊ द्यायचं नाही, ही दुसरी. म्हणजे काकांनी फक्त स्वतःचं तोंड सांभाळून भागणार नव्हतं, अख्ख्या जगाचे मोबाईल सांभाळायचे होते.

त्या सालभरात काका बदलले. लग्नात पंगतीला बसले की आधी कुणाच्या हातात मोबाईल आहे ते बघायचे, मग घास घ्यायचे. पारावर कुणी म्हटलं, "होऊ द्या एक झडती," की हे उठून बैलांचं पाणी पाहायला जायचे. काकू मला फोनवर म्हणायची, "घरात सुदिक हळू बोलून राह्यले. मी काय पोलीस हाव का?"

म्हणून ती जाहिरात वाचल्यावर मी दुकान नवऱ्यावर सोपवलं आणि गावी गेले. काका गोठ्यात होते. मी सांगितलं, कायदा बदलणार आहेत, मेहकरला साहेब येणार आहेत, लोकांचं म्हणणं ऐकणार आहेत.

"म्हंजे सरकारच म्हनते का बोला?"

"हो."

"अन् बोललं त काही करतीन का थे?"

मी म्हटलं, काका, सरकार आहे ते, ऐकेल आणि कागदावर घेईल, पुढचं काय सांगावं. त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की जणू मीच अडाणी. "बाई, तोरणाखाली एक डाव बोललेलं गाव सालभर इसरत नाई. साहेब लोक त शिकेल हायत." मग इतक्या महिन्यांनी पहिल्यांदा त्यांच्या ओठांवर काहीतरी जुळू लागलं. "येक नवी हाय माह्याजवळ. कायद्यावरच हाय. तिथं सांगतो, अन् मंग सांजच्याले गावात मोकळा होऊन म्हनतो."

काकांना हवं होतं ते एवढंच. नुकसानभरपाई नको, दुकानदाराची माफी नको, टॉर्चसुद्धा नको. पोळ्याला तोरणाखाली उभं राहावं आणि पूर्वीसारखं मोकळ्या तोंडाने म्हणावं.

"सांजच्याले" म्हणाले, कारण सुनावणी ठेवली होती पोळ्याच्याच दिवशी. शेतकऱ्यांच्या जिल्ह्यात शेतकऱ्यांचं मत ऐकायला याहून सोयीचा दिवस कुणाला सुचला असता? मी कार्यालयात फोन करून विचारलं. पलीकडची बाई फार गोड बोलली. म्हणाली, आमच्या वेळापत्रकात तसं काही दिसत नाही.

नाव नोंदवायचं होतं ऑनलाइन. त्यात काकांचा मोबाईल नंबर टाकला की त्यावर ओटीपी येणार, आणि तो सांगितल्याशिवाय नोंदणी होणार नाही. काकांचा नंबर पोलीस ठाण्याच्या कपाटात, मुद्देमालात. तो ओटीपी वाचायचा तर आधी कोर्टातून फोन सोडवायला हवा. शेवटी मी माझा नंबर दिला. सरकारच्या लेखी त्या दिवशी काका म्हणजे मी होते.

पोळ्याच्या सकाळी काकांनी उजाडायच्या आत बैल धुतले, शिंगांना रंग दिला, झुली घातल्या आणि चाचांना सांगून ठेवलं की मी येईपर्यंत तोरण तोडू देऊ नका. चाचा म्हणाले, "तू ये भई आरामात. तोरण कुठं पळून जाऊन राह्यलं?" काका धुतलेलं धोतर, इस्त्रीचा सदरा घालून बसमध्ये बसले. सगळ्या वाटेने ओठ हलत होते. मी म्हटलं, मला तरी म्हणून दाखवा. तर म्हणाले, "थांब, तिथंच आयक."

सभागृहात बॅनर होता: निर्भयपणे व्यक्त व्हा. मंचावर मुंबईहून आलेले साहेब, एक तज्ज्ञ, आणि साहेबांना शाल घालायला शहरातले एक प्रतिष्ठित नागरिक. प्रतिष्ठित नागरिक म्हणजे तेच, गादीवरचे. काकांनी त्यांना पाहिलं आणि सदऱ्याचं वरचं बटण लावलं. मला भयंकर राग आला. पण मी गप्प बसले, कारण काका आज बोलणार होते आणि मला ते बिघडवायचं नव्हतं.

श्रोते म्हणजे कॉलेजची पोरं, हजेरी लागणार म्हणून आणलेली, आणि अंगणवाडीच्या बाया, न आल्यास विचारणा होणार म्हणून आलेल्या. शेतकरी बैलांजवळ होते. तज्ज्ञांनी पासवर्ड कसा ठेवावा ते सांगितलं, बराच वेळ सांगितलं. अंगणवाडीच्या एका बाईने मला हळूच विचारलं, "ताई, पोषण आहाराचं कवा निंगन?" मग साहेब बोलले. लोकशाहीत नागरिकाचा आवाज हा दागिना आहे म्हणाले. मला उगीच आमच्या बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांची आठवण झाली.

सूचना मांडायला पुकारा सुरू झाला. एका प्राध्यापकांनी कायद्याचं कौतुक केलं. एका मुलाने विचारलं की इथे वायफायचा पासवर्ड काय आहे. मग काकांचं नाव आलं.

काका माइकजवळ गेले. तोरणाखाली उभे राहतात तसे उभे राहिले, एक पाय पुढे, हात छातीशी. त्यांनी श्वास घेतला. तेवढ्यात प्रतिष्ठित नागरिक साहेबांच्या कानाशी वाकले. साहेबांनी पुढचा कागद पाहिला आणि फार अदबीने विचारलं, "बाबा, तुमच्यावर याच कायद्याखाली केस चालू आहे का?"

"हाव साहेब. थेच सांगाले आलो."

"जामिनाची काही अट आहे?"

काकांनी खरं ते सांगितलं. माझ्या काकांना दुसरं काही सांगता येत नाही, हाच त्यांचा मूळ आजार. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले, अडचण आहे. आजची सुनावणी इंटरनेटवर थेट दाखवली जात आहे. तुम्ही इथे काही बोललात आणि ते कुणाला आक्षेपार्ह वाटलं, तर तुमच्या अटीचा भंग होईल.

मी उठले. म्हटलं, साहेब, मग तेवढ्यापुरता कॅमेरा बंद करा.

"ताई, तसं करता येत नाही. पारदर्शकतेचा नियम आहे. प्रत्येक नागरिकाचं म्हणणं सगळ्या देशाला दिसलं पाहिजे."

"मग त्यांना बोलू द्या."

"बोलू देता येत नाही, कारण ते दिसेल."

आता हे वाक्य मी मनचं घातलेलं नाही. ते तिथे माइकवरून बोललं गेलं, थेट दाखवलंही गेलं, आणि कुणालाही आक्षेपार्ह वाटलं नाही. मी म्हटलं, म्हणजे ज्याला हा कायदा लागला तो सोडून बाकी सगळ्यांनी त्याच्यावर बोलायचं? साहेब म्हणाले, तुमची भावना नोंदवून घेतली आहे. शेजारचा कारकून काहीच लिहीत नव्हता.

"लेखी द्या बाबा," साहेब म्हणाले. "सुटसुटीत, एका पानात."

काका म्हणाले, "झडती लिहत नसते साहेब. म्हनावं लागते."

"मग पुढच्या वेळी बघू."

काका तिथेच उभे होते. माइक समोर, हात अजून छातीशी. काय करावं ते कुणाला सुचेना, तेव्हा तज्ज्ञांना सुचलं. ज्येष्ठ नागरिकाचा सत्कार करू या म्हणाले. टेबलावर गुलाबाची फुलं उरली होतीच. आणि त्यातलं एक उचलून काकांच्या हातात दिलं ते प्रतिष्ठित नागरिकांनी, कॅमेऱ्याकडे बघत. टाळ्या झाल्या. गादीवरच्या बैलाला कोण फूल वाहील, असा काकांचा प्रश्न होता. त्याचं असं उत्तर मिळेल हे त्या महादेवालाही सुचलं नसतं.

पुढे बऱ्याच दिवसांनी त्या सुनावणीचा अहवाल संकेतस्थळावर आला. मेहकर केंद्रावर नागरिकांनी उत्स्फूर्त सहभाग घेतला, असं त्यात होतं. हरकत एकही आली नव्हती. काकांचा फोटो मात्र होता, फुलासकट.

परतीच्या बसमध्ये काकांचे ओठ हलत नव्हते. फूल त्यांनी खिशात ठेवलं होतं, फेकून का देत नाही म्हणून मी चिडले तर म्हणाले, "सरकारी हाय बाई. फेकलं त काही होईन." मी खिडकीकडे तोंड केलं. मला रडू येत होतं आणि बसमधल्या बायांना मला ते दाखवायचं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा सूर्य कलला होता आणि तोरण तसंच होतं. अख्खं गाव थांबलं होतं. बैल कंटाळून एकमेकांच्या झुली चाटत होते. चाचा तोरणाजवळ खुर्ची टाकून बसले होते आणि त्यांच्या पायाशी कापूस वेचायचं मोठं टोपलं होतं. त्यात गावातल्या सगळ्यांचे मोबाईल. एकेकाला पुढे बोलावून त्यांनी ते जमा करून घेतले होते, वर एक जुनी झूल झाकली होती. पुण्याचा जावईही आला होता, त्याचा हरवलेला मोबाईलही सापडला होता. चाचांनी तो त्याच्या हातातून काढून घेतला म्हणे, आणि म्हणाले, "जावईबापू, आज फक्त कानाने ऐका." मग काकांकडे पाहून म्हणाले, "ये. आता इथं तू हाय, गाव हाय अन् बैल हायत. चौथं कोनी नाई. होऊ दे."

लोक मागे सरले. ढोल थांबला. काका तोरणाखाली गेले, एक पाय पुढे टाकला, हात छातीशी नेला. लहान पोरं आधीच हसायच्या तयारीत होती. मी बायांच्या घोळक्यात उभी होते आणि मनात म्हणत होते, म्हणा काका, त्या साहेबाला, त्या तज्ज्ञाला, त्या फुलवाल्याला, एकेकाला धरून म्हणा.

काकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुन्हा उघडलं. मग ते वळले आणि सगळ्या गावासमोरून चालत माझ्याकडे आले. इंटरनेटचं सगळं मला कळतं असा त्यांचा समज आहे. अगदी हळू आवाजात, टोपल्याकडे एकदा बघून, त्यांनी मला विचारलं, "बाई, बैल म्हनलं त चालन का?"



"नाई त जनावर म्हनतो," ते म्हणाले. "जनावरानं कोनाले राग नाई येनार ना?"

मी म्हटलं, "काका, पोळा आहे. बैल नाही म्हणायचं तर काय म्हणायचं? म्हणा तुम्ही."

त्यांनी मान हलवली, पण ती मला बरं वाटावं म्हणून. परत जाऊन त्यांनी नुसतं महादेवाला हात जोडले आणि तोरण तोडायला सांगितलं. नवी झडती मी अजून ऐकलेली नाही.